चालू गाण्यात बक्षीस देऊ नये

२ मार्च

आजपासून रोजनिशी. कोणी वाचायसाठी नाही. घरात कोणाच्या हाती लागू नये म्हणून मीटरच्या डब्यामागं ठेवून राहिलो. इलेक्ट्रिकचा सुपरवायझर आहो, तिथं माझ्याशिवाय कोणी हात घालत नाही.

काल इथं रायपुरात, चौबे कॉलोनीत आमच्या प्लांटच्या मॅनेजरच्या पोरीचं लग्न. तिथं एक पोट्टा आला, बॅगेतून टॅब काढला, एक पातळसा कीबोर्ड काढला, तार जोडली अन् एकट्यानं अख्खा ऑर्केस्ट्रा वाजवला. बासरी त्याची, व्हायोलिन त्याचं, ढोलकही त्याचीच. माणसं फक्त जेवाले होती. माझ्या हातातला गुलाबजाम तसाच राहिला.

वीस वर्षांपासून मी नवप्रकाश भीमगीत पार्टीत पेटी वाजवून राहिलो. अन् माझ्या नशिबात कोण? ढोलकले हिरालाल, रेल्वेतून रिटायर, वाजवतो अशी की डबे शंटिंगले लागले. कोरसले माझी साळी, बायकोची लहान बहीण पिंकी, ब्राह्मणपाऱ्यात पार्लर चालवते अन् मी काही गंभीर बोललो की हसते. गाणारी माझी बायको चेतना. ती बरी गाते. मागून आधार माझा आहे म्हणून गाते.

यंदा विहार कमिटीनं बाहेरची पार्टी न बोलावता १४ एप्रिलचा संध्याकाळचा मोठा कार्यक्रम आम्हाले दिला. पहिल्यांदा. नीट झाला तर बुद्धपौर्णिमेचाही आमचाच. चेतनानं जेव्हापासून हे ऐकलं तेव्हापासून भाजीत मीठ दोनदा टाकून राहिली.

संकल्प: पेटी बंद. १४ एप्रिलले टॅब.

६ मार्च

टॅब आला. कंट्रोलर आला. कंट्रोलर म्हणजे मुका कीबोर्ड. त्याले स्वतःचा आवाज नाही, पट्टी दाबली की तो टॅबले सांगते अन् टॅब वाजते. चेतनाले समजावून सांगतलं. ती म्हणाली, म्हणजे आपल्या घरासारखंच. यात मुका कोण अन् वाजणारा कोण, हे मी विचारलं नाही. वेळ नव्हता.

पेटी विहारात नेऊन टाकली. सकाळच्या वंदनेले वाजवा म्हटलं. मले आता तिचं काम नाही.

११ मार्च

पहिली प्रॅक्टिस. सत्यानाश.

टॅब ब्लूटूथच्या स्पीकरले जोडला, म्हणजे तारांचा पसारा नको. मी सम धरली तर हिरालाल पुढं निघून गेला. पुन्हा धरली, पुन्हा पुढं. मी थांबवून सांगतलं की भाऊ, तुम्ही पळून राहिले. त्यानं सांगतलं की मी चाळीस वर्षांपासून याच लयीत वाजवून राहिलो. मी म्हटलं, हेच तर. चाळीस वर्षांपासून पळून राहिले, कोणी सांगतलं नाही. म्हातारा तोंड सुजवून बसला. बसू दे.

पिंकी म्हणाली, जीजू, ब्लूटूथ में आवाज पैदल आती है, तार लगाओ. पार्लरवालीनं मले वायरिंग शिकवावं.

१३ मार्च

आज प्लांटमध्ये विचार करता करता माझ्या लक्षात आलं की बिनतारी आवाज थोडा उशिरा पोहोचतो. स्वतः शोधून काढलं. इतका अभ्यास कोणाचा आहे? संध्याकाळी तार लावली. हिरालाल आता बरोबर येऊन राहिला. मी त्या दिवशी बोललो त्याचा परिणाम.

२० मार्च

नवा विचार. जबरदस्त.

गाणं बोटांनी कशाले वाजवायचं? पूर्ण गाणं आधीच टॅबमध्ये भरून ठेवायचं. सुरुवात, बासरीचा तुकडा, अंतरा, पुन्हा बासरी, शेवट. स्टेजवर फक्त बटण दाबायचं, अन् मग मी वरून एखाददुसरा सूर टाकीन, शोभेसाठी. ढोलकही टॅबमध्येच भरली. हिरालालले सांगतलं की तुम्ही हलक्या हातानं सोबत राहा. पिंकीचा कोरस घरीच रेकॉर्ड करून टाकला, म्हणजे ऐनवेळी हसली तरी नुकसान नाही. तिनं विचारलं, तो मैं स्टेज पे क्या करूँ? मी म्हटलं, ताली बजाओ.

यात कोणाले राग यायचं कारण काय ते मले समजलं नाही. मी तर सगळ्यांचं काम कमी केलं.

२४ मार्च

चेतनाशी भांडण. विषय: मुखडा.

तिची जुनी सवय आहे. अंतरा संपला, लोकांच्या डोळ्यांत पाणी दिसलं, की बोट वर करते. म्हणजे थांबा, मी हाच मुखडा पुन्हा घेते. मग पेटीवर मी थांबायचो, ती दोनदा घेईल, तीनदा घेईल, तिच्या मनावर. आज तिनं बोट वर केलं अन् टॅब पुढं निघून गेला. ती मागं राहिली. पुन्हा बोट, पुन्हा तेच.

मी सांगतलं, चेतना, गाणं आता सिलतऱ्याले आमच्या प्लांटवर जाणाऱ्या कंपनी-बससारखं आहे. वेळेवर येईल, वेळेवर जाईल. तुले चढायचं असेल तर स्टॉपवर उभी राहा. ती म्हणाली, अन् ज्याले उशीर झाला त्याचं काय? मी म्हटलं, त्याची हजेरी कटते.

ताट वाढून ती आत गेली. भाजीत मीठ बरोबर होतं.

२९ मार्च

ऊन भल्लं तापून राहिलं. गच्चीवर प्रॅक्टिस करून राहिलो तर टॅबची स्क्रीन काळी पडली, अन् त्यावर लिहून आलं की यंत्र गरम झालं आहे, थंड होऊ द्या. मार्चमध्येच हे हाल, एप्रिलमध्ये काय. टॅब फ्रीजमध्ये ठेवला. चेतनानं काढून ओट्यावर ठेवला, म्हणे दह्याच्या वाटीवर ठेवला होता तुम्ही. मी म्हटलं, दही महत्त्वाचं की १४ एप्रिल? तिनं वाटी धुवाले घेतली.

निर्णय: स्टेजवर एक टेबल-पंखा फक्त टॅबसाठी.

१ एप्रिल

खरी अडचण आज समजली. अडचण लोकं आहेत.

आपल्याकडं गाणं चालू असताना लोकं उठून स्टेजवर येतात. हातात दहाची नोट, वीसची नोट. गाणारी थांबते, नोट घेते, वाकून विचारते कोणाच्या नावानं, अन् माईकवर सांगते की अमुक यांच्याकडून बक्षीस, जय भीम. टाळ्या पडतात. मग ती मुखडा पुन्हा उचलते. एका गाण्यात चार-चारदा. कोणी पोराच्या नावानं देते, कोणी बापाच्या, कोणी नोकरी लागली म्हणून. पैसा पार्टीले अन् थोडा विहाराले. पिढ्यान्पिढ्या असंच.

आता सांगा, यात संगीत कुठं राहिलं? ही म्हणजे बँकेची खिडकी झाली. आणि टॅब तर थांबत नाही. थांबला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मधूनच उचलायची सोय असेल कुठं तरी, पण ते सेटिंग इंग्रजीत खूप आत आहे.

म्हणून टॅब बदलायचा नाही. लोकं बदलायची.

३ एप्रिल

कमिटीच्या मीटिंगमध्ये प्रस्ताव मांडला: चालू गाण्यात बक्षीस देऊ नये, कार्यक्रम संपल्यावर डब्बा ठेवू, त्यात टाकावं. सगळे माझ्याकडं असे पाहाले लागले की जसं मी मिरवणूकच बंद करा म्हटलं. अध्यक्ष म्हणाले, प्रफुल्ल भाऊ, लोकं नोट द्यायले थोडीच येतात, नाव ऐकायले येतात. मी म्हटलं, नाव ऐकायचं असेल तर राशन दुकानात रांग लावा.

मग मी शेवटचं सांगतलं की बक्षीस राहिलं तर मी वाजवणार नाही. पेटीवाला दुसरा कोणी आहे का पाऱ्यात, अख्ख्या मोहल्ल्यात? नव्हता. पिंकी बारकी असताना विहारात वंदनेले वाजवायची, पण ते काही वाजवणं नाही. कमिटीनं मुकाट्यानं मान्य केलं. मी बोर्ड स्वतः रंगवला, लाल अक्षरात, दुरून दिसेल असा.

७ एप्रिल

आज कांताबाई घरी आली. शेजारच्या गल्लीतली म्हातारी. नवरा शालिकराम चार वर्षांपूर्वी गेला. दरवर्षी चेतना रमाईचं गाणं म्हणायले लागली की ही उठते, लुगड्याच्या गाठीतून दहाची नोट सोडते, चेतनाच्या कानात नवऱ्याचं नाव सांगते. चेतना माईकवर म्हणते, कालकथित शालिकराम यांच्या स्मृतीत. मग म्हातारी खाली जाऊन बसते अन् बाकीचा कार्यक्रम डोळे पुसत ऐकते.

विचारत होती की बोर्डावर लिहिलं ते तिच्यासाठीही आहे का. मी म्हटलं, आजी, बोर्ड सगळ्यांसाठी असते, डब्ब्यात टाकजो. ती म्हणाली, डब्ब्यात टाकलं तर त्याचं नाव कोण घेईल बाबा?

मी चहा सांगतला. ती थांबली नाही.

चेतना दारात उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं ते मले आवडलं नाही. भावनेच्या भरात कार्यक्रम होत नसतो.

१३ एप्रिल

सगळं तयार. उद्या रायपूर पाहील की भीमगीत म्हणजे काय. टॅब फुल चार्ज. एक्स्ट्रा तार, प्लगचा एक्स्ट्रा बोर्ड, टेबल-पंखा. पांढरा कोट इस्त्री. चेतनाचा घसा थोडा बसला आहे, पण टॅबचा नाही बसला, हे महत्त्वाचं. तिनं अद्रक चावलं अन् खिडकीत बसून रमाईचं गाणं हळूच म्हणत होती. मुखडा तीनदा घेऊन राहिली होती. मी आतून ओरडलो की एकदाच. तिनं चौथ्यांदा घेतला.

१४ एप्रिल

टॅब गरम झाला. बस.

१५ एप्रिल

शांत डोक्यानं सगळं लिहून ठेवतो, म्हणजे पुढं कोणी उलटं सांगू नये.

मैदान भरलं होतं. पंखा टॅबकडं. चेतना घामानं भिजून राहिली होती, पण तिले थांबून पुसता येते, टॅबले येत नाही. पहिलं गाणं पूर्ण बसलं. एक क्षण इकडंतिकडं नाही. लोकं इतके शांत होते की मागचा जनरेटर ऐकू येऊन राहिला होता. भारावले होते. दुसऱ्या गाण्याले मागच्या रांगा आलूगुंड्याच्या ठेल्याकडं गेल्या. भूक लागली असेल.

तिसरं रमाईचं. कांताबाई उठली. मी स्टेजवरून पाहून राहिलो होतो. पायऱ्यांशी बोर्ड होता. म्हातारीले वाचता येते, विहाराच्या रात्रशाळेत शिकली. तिनं बोर्ड पूर्ण वाचला, अन् मग बोर्डाच्या बाजूनं वर चढली.

आता चेतनानं काय करायला हवं होतं? गात राहायला हवं होतं. पण ती थांबली. अंतऱ्याच्या मधोमध. माईक घेऊन वाकली. टॅबले कसं माहीत राहणार? तो पुढं गेला. बासरी वाजली. मग कोरस आला, पिंकीचा, घरी भरलेला, जोरात, अन् खरी पिंकी तोंड बंद करून बाजूले उभी. लोकं तिच्या तोंडाकडं पाहाले लागले. कोणीतरी हसलं. मग पुष्कळ जण हसले. कांताबाईले वाटलं की आपल्यालेच हसून राहिले. तिनं पुढं केलेला हात मागं घेतला.

चेतना माझ्याकडं वळली. माईक हातातच होता, म्हणून सगळ्या मैदानानं ऐकलं.

"बंद करा ते."

मी पंखा बंद केला.

पंख्याचा आवाज माईकमध्ये येतच होता. माझ्या जागी कोणीही पंखाच समजलं असतं.

मग हिरालालनं बसल्या जागेवरून हात लांबवला अन् तार ओढली. उपटलीच म्हणा. माझ्या टॅबची. या माणसाले मी मार्चमध्ये लय शिकवली.

पूर्ण सन्नाटा झाला. चेतनानं कांताबाईचा हात धरून नोट घेतली. म्हणाली, कालकथित शालिकराम यांच्या स्मृतीत कांताबाईंकडून बक्षीस, जय भीम. मैदानातून जय भीम आला तो ठेल्यापर्यंतचे लोकं परत घेऊन आला. मग नुसत्या ढोलकवर तिनं मुखडा उचलला. बोट वर केलं, हिरालाल थांबला. पुन्हा घेतला. पुन्हा. किती वेळा घेतला ते मी मोजलं नाही. बोर्ड कोणीतरी पालथा करून त्यावर चपला ठेवल्या अन् लोकांची रांग लागली.

मधूनच स्टेजवरून उठलो असतो तर पार्टीची बदनामी झाली असती. म्हणून मी तिथंच बसून मुक्या कीबोर्डवर बोटं फिरवत राहिलो, शेवटपर्यंत. कार्यक्रम पडला नाही याचं हेही एक कारण आहे.

१७ एप्रिल

कमिटीनं बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम नवप्रकाशले दिला. म्हणजे माझा प्रयोग यशस्वी. अभिनंदनाले अध्यक्ष आले, चेतनाशी बोलले, हिरालालचा हात हातात घेतला. मले म्हणाले, प्रफुल्ल भाऊ, आता थोडा आराम करा.

मी चेतनाले म्हटलं की पाहिलं, जळतात. ती ताट वाढून राहिली होती. राग नव्हता तिच्या बोलण्यात, तेच जास्त लागलं. म्हणाली, वीस वर्षं मी बोट वर केलं की तुम्ही थांबत होते. मैदानात हजार माणसं राहू द्या, मले भीती नव्हती वाटत. आता तुम्ही माझ्याकडं पाहतच नाही, टॅबकडं पाहता. मी कोणाकडं पाहून बोट वर करू?

मी म्हटलं, आमटी वाढ.

२० एप्रिल

राजीनामा. लेखी नाही, तोंडी, पण स्पष्ट. संगीत दिग्दर्शकाचा मान नसेल तिथं मी बसणार नाही. टॅब-कंट्रोलर कपाटावर ठेवले. आता पाहतो कोण वाजवते. नुसत्या ढोलकवर एक दिवस निघते, दुसरा निघत नाही. आठ दिवसांत हात जोडत येतील. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं आहे. आधी नाही म्हणीन, मग विचार करतो म्हणीन.

२८ एप्रिल

कोणी आलं नाही. लग्नाचा सीझन आहे, बिझी असतील.

३० एप्रिल

कपाटावर टॅब नाही. कंट्रोलर नाही. घरात चोरी झाली म्हणून मी ओरडलो. चेतना भाजी निवडत म्हणाली, पिंकी घेऊन गेली, मी दिलं. मले विचारलं? नाही. राजीनामा दिला ना तुम्ही, म्हणे.

पिंकी. जिचा माझ्या पेटीले हातसुद्धा मी लागू दिला नाही. कपाळ माझं.

४ मे

आता प्रॅक्टिस आमच्याच पुढच्या खोलीत होऊन राहिली. मी मागच्या खोलीत टीव्ही मोठा करून बसतो. तरी कानावर पडतेच. पिंकीनं माझी भरलेली सगळी गाणी बाजूले टाकली. बासरी गेली, व्हायोलिन गेलं, माझी पंधरा दिवसांची मेहनत गेली. टॅबवर फक्त पेटीचा आवाज लावला अन् कंट्रोलरवर दोन्ही हातांनी साधं वाजवून राहिली. इतक्या महागाच्या यंत्रातून पेटी. भैताडपणाची हद्द.

बाहेर येऊन मी विचारलं की पेटीच वाजवायची होती तर विहारातली काहून नाही आणली? ती म्हणाली, जीजू, दीदी का गला आजकल नीचे उतरा है, इसमें पट्टी नीचे कर लो तो उँगली वही रहती है. मी म्हटलं, मले माहीत आहे. मले माहीत होतं असं नाही, पण वाचलं असतं.

एक शब्द सांगतो: पडणार. हिची बोटं चुकीची पडतात, लय सुटते, ऐन अंतऱ्यात अडकते. मैदानात कळेल.

९ मे

विचार पक्का केला. बुद्धपौर्णिमेले मी जाणार. श्रोता म्हणून. अन् एक गोष्ट करणार, जी फक्त जाणकारालेच सुचू शकते. रमाईच्या गाण्यात दुसऱ्या अंतऱ्यात एक जागा आहे. चेतना वर चढलेली असते, पेटी तिच्या मागं धावत असते. त्या जागेवर थांबणं अन् पुन्हा उचलणं भल्लं कठीण. वीस वर्षांत मीच तिथं तीन-चारदा अडखळलो, पण लोकांले कळू दिलं नाही. बरोबर त्या जागेवर मी नोट घेऊन उठणार. मग पाहू पिंकी काय करते. बक्षीस हवं ना यांले? घ्या बक्षीस.

चेतनाले कळलं तर काय म्हणेल, हा विचार एकदा आला. आला अन् गेला.

बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी

आज प्लांटमध्ये सुट्टी टाकली. लिहायचं आहे, नाहीतर डोक्यात राहते.

विहारासमोर खीर वाटून झाली, दिवे लागले, कार्यक्रम सुरू झाला. मी चौथ्या रांगेत. पिंकी पांढऱ्या साडीत, टॅब समोर, पण टॅबकडं पाहत नव्हती. पूर्ण वेळ चेतनाच्या हाताकडं पाहत होती. वाजवत काय होती, साधंच. एखादा सूर चुकला तर हसायची अन् पुढं जायची. लोकं उठत होते, नोटा देत होते, चेतना बोट वर करायची, पिंकी हात उचलायची, आवाज थांबायचा. टॅब थांबायचा. तोच टॅब.

मी मनात म्हणून राहिलो होतो, रमाईचं येऊ दे.

आलं. पहिला अंतरा गेला. कांताबाई उठली, जाऊन आली. दुसरा अंतरा लागला, चेतना वर चढाले लागली, मी उठलो. खिशातली शंभरची नोट हातात. पाय आपोआप स्टेजकडं. पायऱ्या चढलो तेव्हा ती बरोबर त्या जागेवर होती.

तिनं मले पाहिलं. बोट वर केलं.

पिंकीनं दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलले. हिरालालनं ढोलकवर तळवा ठेवला. काहीच अडखळलं नाही. शेवटचा सूर तेवढा थोडा वेळ हवेत राहिला अन् मग तोही गेला. अख्खं मैदान वाट पाहाले लागलं, जशी कोणासाठीही पाहते.

चेतना वाकली. माईक तिनं छातीशी धरून बंद केला होता. इतक्या जवळून तिचा चेहरा मी स्टेजवर कधी पाहिला नव्हता. मी नेहमी बाजूले बसलेलो असायचो. घामेजलेली होती, अन् खूश होती. तिनं नोट घेतली अन् सगळ्यांले विचारते तसंच विचारलं.

"कोणाच्या नावानं?"

मी याचा विचारच केला नव्हता. कोणत्या जागेवर उठायचं हे ठरवलं, पण नोटेले नाव लागते हे माझ्या लक्षात राहिलं नाही. बापाचं नाव सांगता आलं असतं. माझं सांगता आलं असतं. तोंड उघडलं पण आतून काही आलं नाही. मागं दोन-तीन लोकं उभे होते, एक जण म्हणाला, भैया, जरा जल्दी. चेतना थांबली. पुष्कळ थांबली. तिले माझी मदत करता आली असती, पण नाव तर ज्याचं त्यानंच सांगायचं असते.

मग ती सरळ उभी झाली, माईक चालू केला अन् म्हणाली, एका श्रोत्याकडून शंभर रुपयांचं बक्षीस. जय भीम.

टाळ्या पडल्या. पिंकीनं सूर दिला, अन् चेतनानं गाणं त्याच जागेवरून उचललं, जिथं सोडलं होतं. मी पायऱ्या उतरलो. माझ्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलं होतं. कांताबाईनं सरकून बाजूची जागा दिली, तिथं बसून मी कार्यक्रम संपेपर्यंत ऐकलं.